कसाऱ्यापुढचे सोळा किलोमीटर

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कसारा सुमारे १२१ किलोमीटरवर आहे आणि इगतपुरी १३७ वर. पलीकडे, भुसावळकडून येणारी मेमू इगतपुरीला संपते. म्हणजे पश्चिमेकडून आलेली विजेची प्रवासी गाडी घाटाच्या पायथ्याशी थांबते, पूर्वेकडून आलेली घाटमाथ्यावर थांबते, आणि मधे उरतात जेमतेम सोळा किलोमीटर. दोन्ही गाड्यांना वेगळे इंजिन लागत नाही. डब्यांखालच्या मोटरींवरच त्या चालतात. दोघींच्या डोक्यावरची तार एकच, २५ हजार व्होल्टची. तरीही इगतपुरीपलीकडच्या घोटीच्या माणसाला कल्याणला जायचे असेल तर लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेसच्या वेळा बघाव्या लागतात, नाहीतर रस्त्याने कसारा गाठून तिथून लोकल धरावी लागते.

इगतपुरीपर्यंत, जमल्यास नाशिकपर्यंत, लोकल आणा ही मागणी जुनी आहे. निवडणुका जवळ आल्या की ती जोरात येते. "घाट आहे ना" एवढ्या उत्तरावर ती बहुतेकदा बाजूला पडते. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धवट आहे. घाटात नक्की काय अडते, त्यातले काय सुटण्यासारखे आहे आणि काय नाही, हे मागणी करणाऱ्यांनाही माहीत असायला हवे. तसे असले तर मागणी नेमकी करता येते.

सुरुवात तारेपासून करू, कारण विद्युतीकरण झाले की लोकल आलीच असा समज सर्वत्र आहे. इगतपुरीला विजेची तार आली १९३० मध्ये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी गेली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने (जीआयपी) कल्याणपुढच्या दोन्ही फाट्यांवर खांब उभारले. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत तार गेली आणि पुढच्या वर्षी इगतपुरीपर्यंत. या दोन फाट्यांना वीज पुरवण्यासाठी कंपनीने कल्याणजवळ ठाकुर्लीला चोळा येथे स्वतःचे वीजकेंद्र बांधले. पश्चिम रेल्वेवर विरारला विजेची लोकल पोहोचायची होती, त्याच्याही आधी इगतपुरीच्या रुळांवर विजेची इंजिने धावत होती.

पण ती तार रोज कामाला जाणाऱ्यांसाठी नव्हती. ती आली घाटासाठी. कोळसा दुरून आणायचा, तो जाळून जड मालगाड्या डोंगरावर चढवायच्या आणि बोगद्यांत धुराने इंजिनावरच्या माणसांचा जीव कोंडायचा, हा सगळा खटाटोप कंपनीला महाग पडत होता. म्हणून स्विस आराखड्याची जड मालवाहू विद्युत इंजिने आणली गेली. मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी लांब नाके जोडलेल्या त्या इंजिनांना रेल्वेतल्या लोकांनी 'खेकडा' म्हणायला सुरुवात केली. त्यातले एक आजही दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

या खेकड्यांत एक गोष्ट होती, जिचे आज फार कौतुक होते आणि जी नवी समजली जाते. घाट उतरताना त्यांच्या मोटरी उलट काम करत, वीज खाण्याऐवजी वीज बनवत आणि तारेत परत सोडत. उतरणाऱ्या गाडीचा वेग त्याने आवरला जाई, ब्रेकचे ठोकळे तापत नसत, आणि त्याच वेळी दुसऱ्या रुळावर एखादी गाडी चढत असली तर तिला ती वीज मिळे. आजच्या नव्या लोकलमध्ये हेच तंत्र सुधारून बसवलेले आहे. कसाऱ्याच्या या घाटात ते नव्वद वर्षांपूर्वीच चालत होते.

तार १५०० व्होल्टची होती, एकदिश प्रवाहाची. मुंबईतली जुनी लोकलही त्याच प्रवाहावर चालायची. स्वातंत्र्यानंतर भारतीय रेल्वेने मात्र २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह निवडला आणि १९६० च्या दशकात भुसावळकडून ती नवी तार इगतपुरीला येऊन भिडली. फरक किती मोठा होता हे साध्या भागाकाराने कळते. एखाद्या गाडीला ३००० किलोवॅट लागत असतील तर १५०० व्होल्टच्या तारेतून २००० अँपिअर ओढावे लागतात. २५ हजार व्होल्टच्या तारेतून तेवढ्याच ताकदीसाठी १२० अँपिअर पुरतात. प्रवाह जितका मोठा तितकी तार जाड, गळती जास्त आणि उपकेंद्रे जवळजवळ. जुन्या पद्धतीत दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागे, नवीत पन्नास-साठ किलोमीटरवर एक पुरते.

दोन प्रवाहांची सीमा इगतपुरीच्या यार्डात पडली आणि त्यामुळे गावाचे नशीबच ठरले. कोणतीही गाडी इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसे. मुंबईकडचे इंजिन काढायचे, भुसावळकडचे जोडायचे, ब्रेक तपासायचे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा, वडे, भजी खपायची. प्रवासी पाय मोकळे करायचे, इंजिनचे कर्मचारी बदलायचे. रेल्वेच्या चाळी, रेल्वेची शाळा, रेल्वेचा दवाखाना असे अर्धे गाव त्या थांब्यावर उभे राहिले. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आली आणि इंजिन बदलायची गरज कमी झाली. मग मुंबई विभागातच टप्प्याटप्प्याने जुना प्रवाह काढून नवा आणला गेला. शेवटचा हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला. ज्या मार्गावर १९२५ मध्ये देशातली पहिली विजेची गाडी धावली, त्याच मार्गावर तो जुना प्रवाह सर्वांत शेवटी संपला.

म्हणजे तारेची अडचण आता उरलेली नाही. मुंबईच्या कारशेडमधून निघालेला रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी, तांत्रिकदृष्ट्या भुसावळपर्यंत त्याच विजेवर जाऊ शकतो. उरतो तो चढ.

थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, १ जानेवारी १८६५ रोजी रेल्वेसाठी खुला झाला. जीआयपीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी पुण्याच्या वाटेवरचा भोर आणि हा थळ अशा दोन्ही घाटांची आखणी करून घेतली. मात्र दोन्ही पुरे होण्याआधीच, १८६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. कसाऱ्याहून इगतपुरीला पोहोचेपर्यंत रूळ सुमारे ३०० मीटर वर चढतात आणि सर्वांत तीव्र भागात चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हा चढ जाणवणारही नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवायचे असते तेव्हा मात्र देशातल्या मुख्य मार्गांवर यापेक्षा कठीण चढ नाही.

हिशेबासाठी १००० टनांची गाडी धरू. सपाटीवर तिला ढकलत ठेवायला फारसे बळ लागत नाही, रेल्वेचे सगळे अर्थकारण त्यावरच उभे आहे. ३७ ला १ च्या चढावर मात्र गुरुत्वाकर्षण तिला सतत २७ टनांच्या ओढीने मागे खेचते. ताशी ४० किलोमीटरने वर जायचे तर केवळ या ओढीशी झुंजायला जवळपास ३००० किलोवॅट लागतात. घर्षण, वळणे, वारा यांचा हिशेब त्यावर वेगळा. आणि ३०० मीटर उचलण्याची एकूण किंमत विजेच्या मीटरवर मोजली तर सुमारे ८०० युनिट, म्हणजे महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराचे आठ महिन्यांचे बिल, एका गाडीच्या एका खेपेला.

म्हणून बँकर लागतो. कसाऱ्याला गाडी आली की तिच्या शेपटीला एक किंवा जास्त इंजिने जोडतात आणि ती गाडीला वर ढकलत नेतात. पुढेच आणखी इंजिने का लावत नाहीत? कारण मग सगळ्या गाडीचे वजन पहिल्या डब्याच्या जोडणीवर येते आणि ती तुटण्याचा धोका असतो. चढावर जोडणी तुटली तर मागचे डबे सुटे होऊन कसाऱ्याकडे घरंगळत येणार. मागून ढकलले की ताण वाटला जातो, आणि काही तुटलेच तरी डब्यांच्या मागे इंजिन उभे असते. बँकरच्या चालकाला पुढचा सिग्नल दिसत नाही. पुढच्या चालकाशी शिटीच्या खुणांनी आणि आता वॉकीटॉकीवर बोलत दोघांनी एकाच लयीत जोर लावायचा असतो. इगतपुरीला पोहोचल्यावर बँकर काढायचा आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली कसाऱ्याला न्यायचा.

ही शेवटची ओळ प्रवाशांच्या लक्षात येत नाही, पण लोकलच्या प्रश्नात तिला मोठे महत्त्व आहे. वर ढकलून दिलेला प्रत्येक बँकर रिकामा खाली येतो आणि घाटातल्या रुळावरची एक जागा घेतो. थळ घाटात अप, डाऊन आणि मधली अशा तीन मार्गिका आहेत. त्यावरून उत्तर भारताकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस, मालगाड्या आणि परतणारे बँकर अशी सगळी वाहतूक जाते. इगतपुरीची लोकल सुरू करायची म्हणजे या रांगेत तिच्यासाठी नवी जागा शोधायची. पावसाळ्यात दरड कोसळून एक मार्गिका बंद झाली की आहे त्याच गाड्या तासन्‌तास अडकतात.

आता उताराकडे वळू. चढण्यापेक्षा उतरणे अवघड आहे, हे घाटात काम केलेला कुठलाही रेल्वेवाला सांगेल. इगतपुरीहून निघालेल्या गाडीला खाली जायला इंजिनची गरजच नसते. प्रश्न तिला आवरण्याचा. घाटात यासाठी कॅच सायडिंग असते. मुख्य मार्गावरून फुटून डोंगरावर चढत जाणारा रुळाचा एक आखूड फाटा. सांधा एरवी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने त्याच्या अलीकडे पूर्ण थांबायचे, आपले ब्रेक ताब्यात आहेत हे थांबून दाखवायचे, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो आणि सिग्नल मिळतो. ज्या गाडीला थांबता येत नाही ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर दमून उभी राहते. प्रवाशांना वाटते गाडी उगाच रानात थांबली. खरे म्हणजे तिची परीक्षा चाललेली असते.

याच परीक्षेत नेहमीची मुंबई लोकल कमी पडते. तिचे मुख्य ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात. गाडी चालू असताना कॉम्प्रेसर हवा भरत राहतो, त्यामुळे अडचण नसते. पण घाटात तार तुटली, वीज गेली आणि गाडी तासभर उभी राहिली, तर हवा हळूहळू झिरपते आणि ब्रेकची पकड सैल होऊ लागते. सपाटीवर हातब्रेक पुरतो. ३७ ला १ च्या उतारावर भरगच्च बारा डबे हातब्रेकच्या भरवशावर ठेवणे म्हणजे जुगारच. इथे लागतो स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक. त्याची रचना उलटी असते, हवेच्या दाबाने तो सुटतो आणि हवा गेली की स्प्रिंग आपोआप चाक पकडते. हवा संपणे ही ज्या गाडीत आपत्ती असते, तीच या गाडीत सुरक्षितता ठरते. २०१९ च्या सुमारास असा ब्रेक बसवलेला एक खास रेक चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून कुर्ल्याच्या कारशेडमध्ये आला होता, कल्याण-नाशिक सेवेसाठीच. त्या काळात नाशिकच्या वर्तमानपत्रांत लोकल आता येणारच असे मथळे झळकले. नियमित सेवा मात्र सुरू झाली नाही.

मग काय, डब्याखालच्या मोटरींवर चालणारी गाडी हा घाट चढूच शकत नाही? हा प्रश्न १० फेब्रुवारी २०२३ रोजी निकालात निघाला. त्या दिवशी मुंबईहून दोन वंदे भारत सुरू झाल्या. शिर्डीची थळ घाट चढून गेली, सोलापूरची भोर घाट. दोन्ही बँकरशिवाय. वंदे भारत म्हणजे तत्त्वतः लोकलचीच बहीण, इंजिन वेगळे नाही, मोटरी डब्यांखाली. फरक एवढाच की तिच्या निम्म्या डब्यांना मोटरी आहेत आणि घाटासाठी लागणारे पार्किंग ब्रेक आहेत. बारा डब्यांच्या लोकलमध्ये साधारण चार डब्यांना मोटरी असतात. त्याआधी, २०१९ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-निजामुद्दीन राजधानीने पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून बँकर जोडण्या-सोडण्याचा वेळ वाचवून दाखवलाच होता. बँकरशिवाय चढता येते, आवरताही येते. त्यासाठी मोटरी थोड्या जास्त आणि ब्रेक वेगळे हवेत, म्हणजे गाडी या मार्गासाठी म्हणून बनवायला हवी. वंदे भारतच्या प्रवाशांसाठी हे झाले. अस्वली, पाडळी, घोटीच्या प्रवाशांसाठी अशक्य आहे असे आता कोणी म्हणू नये.

स्थानकांचा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उदाहरण घाटाच्या पायथ्याशीच आहे. आटगाव ते खर्डी आणि खर्डी ते कसारा या टप्प्यांत स्थानके फार लांब लांब होती. खर्डी ते कसारा तर तेरा किलोमीटरच्या आसपास. मधल्या आदिवासी पाड्यांच्या डोळ्यांसमोरून लोकल जायची. तानशेत आणि उंबरमाळी इथे गाडी थांबू लागली तरी बरीच वर्षे तिथे तिकीट मिळत नव्हते. तिकीट काढायला पुढच्या नाहीतर मागच्या स्थानकावर जायचे किंवा दंडाची भीती घेऊन प्रवास करायचा. २०२१ मध्ये तिथे तिकीटविक्री सुरू झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, जुलैतल्या अतिवृष्टीच्या रात्री, उंबरमाळीला पाणी फलाटाच्या उंचीपर्यंत चढले होते. घाटाच्या तोंडाशी स्थानक बांधायचे म्हणजे डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचाही विचार आधी करावा लागतो, हे त्या रात्रीने दाखवले.

नवे स्थानक म्हणजे फलाट, पूल आणि तिकीटखिडकी असे आपण धरतो. रेल्वेच्या दृष्टीने त्याचा खरा खर्च मिनिटांत असतो. ताशी ९० किलोमीटरने जाणारी लोकल थांबवायची तर ब्रेक लावून थांबेपर्यंत सुमारे ३६ सेकंद जातात, पुन्हा तो वेग घ्यायला ५० सेकंद. न थांबता गेली असती तर याच अंतराला यातला निम्मा वेळ लागला असता. म्हणजे ४३ सेकंद गेले, अधिक फलाटावरचे ३० सेकंद. एका थांब्याला सव्वा मिनिट. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ते गाडीतल्या प्रत्येकाचे सव्वा मिनिट असते आणि मागच्या गाडीचेही असते. जिथे मेल, मालगाडी आणि लोकल एकाच रुळावरून जातात, तिथे थांबणाऱ्या लोकलमागे न थांबणारी एक्स्प्रेस अडते. कल्याण-कसारा मार्गाचे दुखणे नेमके हेच आहे.

म्हणूनच नवी स्थानके सहसा तिथे लवकर होतात जिथे मार्गिका लोकलसाठी राखलेल्या असतात. पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधे राममंदिर स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये आले. ठाणे-वाशी मार्गावर ऐरोलीच्या अलीकडे दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले, त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. कर्जत मार्गावर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोलीचे काम हाती घेतले गेले. कसारा मार्गावर टिटवाळा आणि खडवलीच्या मधे गुरवलीची मागणी कधीची आहे. तिचे भवितव्य फलाटापेक्षा तिसऱ्या मार्गिकेवर अवलंबून आहे. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका, सुमारे ६७ किलोमीटरची, २०११ मध्ये मंजूर झाली. भूसंपादनात आणि पुलांच्या कामात ती वर्षानुवर्षे रेंगाळली. आसनगावपर्यंतची चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३-अ टप्प्यात आहे. इगतपुरीकरांनी खरे तर या दोन कामांचा पाठपुरावा शहापूर आणि वाशिंदच्या लोकांइतक्याच हिरिरीने करायला हवा, कारण खालची कोंडी सुटल्याशिवाय वरची गाडी निघणार नाही.

गाड्यांचा हिशेबही मांडायला हवा. मुंबई ते कसारा लोकलला साधारण अडीच तास लागतात. जाऊन-येऊन, दोन्ही टोकांना थांबण्याचा वेळ धरून, एका रेकची फेरी साडेपाच तासांची होते असे मानू. दर तासाला एक गाडी सोडायची तर सहा रेक लागतात. घाट चढणे, इगतपुरीला उलटणे, कॅच सायडिंगवर थांबत उतरणे धरले की फेरी सात तासांकडे जाते आणि रेक सात लागतात. एक जादा रेक, त्याचे कर्मचारी, रात्री त्याला उभे करायला इगतपुरीच्या यार्डात जागा. शिवाय घाटात झालेला प्रत्येक उशीर तोच रेक घेऊन ठाण्या-दादरच्या गर्दीत उतरणार. सकाळी इगतपुरीच्या धुक्यात वीस मिनिटे गेली तर त्याची झळ डोंबिवलीच्या फलाटावर बसते.

या कारणाने माझे मत असे आहे की मुंबईचीच लोकल ओढून इगतपुरीला आणण्याचा हट्ट सोडावा. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासाला स्वच्छतागृह नसलेली गाडी देणे हा बायकांवर आणि म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे. त्यापेक्षा पलीकडची मेमू खाली आणावी. मेमूत स्वच्छतागृह असते. तिला घाटाचे पार्किंग ब्रेक आणि जास्त मोटरी देऊन मनमाड-नाशिकरोड-इगतपुरी-कसारा-कल्याण अशी चालवली, तर मुंबईच्या वेळापत्रकाशी तिचा जीव बांधला जात नाही. कल्याणला लोकल मिळतेच. देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी या छोट्या स्थानकांना दिवसभरात मुंबईच्या दिशेने चार-पाच खात्रीच्या फेऱ्या मिळाल्या तरी मोठा फरक पडेल. नोकरीसाठी रोज ये-जा करणारे आज पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबून आहेत. १९७५ पासून धावणारी ती गाडी चुकली की अनेकांचा दिवस बुडतो. दूध, भाजी, कॉलेज, दवाखाना यांसाठी लागणारी गाडी पहाटेची एकच असून चालत नाही.

पुण्याच्या बाजूलाही हेच चित्र आहे, हे लक्षात घेतले तर मागणीला बळ येईल. तिकडे मुंबईची लोकल कर्जतला आणि खोपोलीला संपते, पुण्याची लोकल १९७८ पासून लोणावळ्यापर्यंत येते, आणि मधला भोर घाट तसाच ३७ ला १. दोन्ही घाटांना चालेल अशी एकच गाडी बनवली तर ती कुणा एका तालुक्याची चैन ठरत नाही. रेक दहा-बारा बनले की त्यांचा खर्च आणि देखभालही परवडते.

मागणीची वेळही आता आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीजवळचा त्याचा बोगदा जवळपास आठ किलोमीटर लांब आहे, आणि मोटारवाल्यांना कसारा घाट आता वळसे घेत चढावा लागत नाही. रेल्वे मात्र १८६५ च्या आखणीवरच चढते आहे. मुंबईला पाणी देणारे अप्पर वैतरणा धरण याच इगतपुरीच्या डोंगराळ भागात आहे. इथले पाणी रोज मुंबईला पोहोचते, माणसाला मात्र कसाऱ्यापर्यंत स्वतःची सोय करावी लागते. मोटार घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याला महामार्गाचा वेग येत नाही, म्हणून रेल्वेचा प्रश्न महामार्गाने सुटला असे समजू नये.

कसारा ते मनमाड दोन नव्या मार्गिकांचा प्रस्ताव रेल्वेने पुढे आणला आहे. त्यात लांब बोगदे घेऊन चढ १०० ला १ इतका सौम्य ठेवण्याचा विचार आहे. त्याचा अर्थ आपल्या हजार टनांच्या गाडीला लावून पाहू. मागे खेचणारी ओढ २७ टनांवरून १० टनांवर येते. बँकर लागत नाही, त्यांच्या रिकाम्या फेऱ्या वाचतात, मालगाड्या नव्या मार्गाने गेल्या तर जुन्या तीन मार्गिका मोकळ्या होतात. मेमूला वेगळी जागा शोधायची गरजच राहत नाही.

पण या आराखड्यात एक गोष्ट आत्ताच घालून घ्यायला हवी. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्थानकाच्या यार्डाचा उतार ४०० ला १ पेक्षा जास्त असता कामा नये, शक्यतो १२०० ला १ असावा. कारण उघड आहे, फलाटाला उभी गाडी आपणहून सरकता कामा नये. बारा डब्यांच्या गाडीला सुमारे २७० मीटरचा फलाट लागतो. ३७ ला १ वर तो बांधला तर एका टोकापेक्षा दुसरे टोक सात मीटर उंच होईल. म्हणूनच जुन्या घाटात कसारा आणि इगतपुरीच्या मधे प्रवाशांसाठी स्थानक नाही आणि ते नंतर घुसडताही येत नाही. १०० ला १ च्या नव्या मार्गावरही ते नंतर घुसडता येणार नाही. दोन बोगद्यांच्या मधे जिथे मार्ग उघड्यावर येतो, तिथे पाचशे मीटरचा सपाट पट्टा आखणीच्या कागदावरच राखावा लागेल, सोबत एक्स्प्रेसला पुढे जाऊ देणारी लूप मार्गिका, पाण्याच्या निचऱ्याला मोरी आणि पाड्यांकडून येणारा रस्ता. इगतपुरी आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींनी घाटातली गावे आणि पाडे नकाशावर टाकून हे पट्टे कुठे हवेत ते रेल्वेला लेखी कळवावे, तेही बोगद्यांच्या निविदा निघण्याआधी.